चूक

बिटकोजवळच्या वाचनालयात
आठ आण्यांत दोन दिवस मिळायचा गुप्तहेर.
मुखपृष्ठावर ओव्हरकोट, पिस्तूल,
आणि नाशिकरोडला कधीच न पडणारा बर्फ.

तात्या नोटांच्या प्रेसमधून सुटायचे,
फाटकावर झडती देऊन.
जेवले की आडवे, छातीवर पुस्तक.

खलनायक तळघरात खोट्या नोटा छापू लागला
की हमखास हसायचे.
'काय झालं?'
'चुकलाय लेकाचा.'
'कुठे?'
तात्या पान मुडपायचे,
दिवा घालवायचे.

परवा माळ्यावर सापडलं
त्यातलंच एक, परत न केलेलं.
समासात पेन्सिलीची फुली,
पुढे काहीतरी लिहून
रबरानं पार पुसलेलं.

पान उजेडाशी धरलं,
नोट धरतात तसं.
काही दिसेना.
पक्का माणूस.