स्पार

शेवटचा पेशंट: कथबर्ट पिअर्ट, वय शहाऐंशी.
खालची कवळी टोचते.
मी ती घासतेय तोवर
कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढून
तो ट्रेमध्ये ठेवतो, आरसा-चिमट्याशेजारी.
हिरवा खडा, काटकोनी कडांचा,
वापरून ठेवलेल्या साबणाच्या वडीसारखा.

'स्पार,' म्हणतो. बोळक्यातून 'फार' ऐकू येतं.

स्टॅनहोपला ऊन पडतं ते उधारीचं,
पण आज पडलंय.
खिडकीशी नेला मात्र,
खडा जांभळट निळा.
आत युरोपियमची कणभर भेसळ असते, मी सांगते,
बाकी सगळं कॅल्शियम फ्लोराइड.
पाण्याला दाद देत नाही,
चाकूला देतो.

तो मान हलवतो, त्याला हे
दुसऱ्या शब्दांत माहीत आहे:
कशीही घाला हातोडी, हा फुटणार
स्वतःच्याच चार दिशांनी.
बाप शिसं खणायचा, हा मध्ये यायचा,
म्हणून टोपल्या भरभरून ढिगावर.
मग शिशाला कुणी विचारेना,
तेव्हा ढीगच उपसला,
कॉन्सेटच्या भट्टीत मळी पातळ करायला.
मग भट्टी.
(हात उताणा करतो. संपलं.)

आणि रात्री, आई झोपल्यावर,
शेगडीच्या तापल्या पत्र्यावर चिमूटभर चुरा.
दिवा मालवायचा.
काय उजळायचा, डॉक्टर!
कोट्यवधी वर्षं दाबून ठेवलेलं, मिनिटभरात.
तोच चुरा उद्या पुन्हा तापवा,
ढिम्म.

कवळी बसते. तो चावून बघतो,
आणि माझ्याकडे बघतो.
'तुमचेही खरे नाहीत. पुढचे चार.'
कवळीवाल्याला कळतंच.

मी 'पाणी' म्हणते.
एवढंच.
आमच्या बोअरचं पाणी गोड होतं,
मुक्कामाला आलेला पाहुणा तांब्याभर जास्त प्यायचा.
सातवीच्या फोटोत एकतीस जण,
दातांवर काताच्या रेघा,
म्हणून एकतीस मिटलेले ओठ.
मास्तर ओरडतायत, हसा रे, हसा.

आज सकाळी प्राथमिक शाळेतल्या नऊ पोरांच्या दातांना
मी तेच लावलं, ब्रशच्या टोकाने,
थेंब मोजून.

तो जातो. खडा ठेवून जातो,
विसरला असं दाखवत.
ऊन गेलंय. पुन्हा हिरवा.
घरी इंडक्शनची शेगडी आहे, चिमूटभर चुरा निघेलही.
नको.
पुरचुंडीत गुंडाळते, त्याच घड्यांवर,
आणि ओठ मिटून
दिवे बंद करते.