सलईढाण्याच्या चार किलोमीटर अलीकडे

हरिसाल मागे पडलं, मग डांबरही,
आणि मागचं चाक प्यायल्यासारखं
डावीकडे-उजवीकडे जाऊ लागलं.
उतरून पाहिलं. टायर रिमाखाली पसरलेला,
बसकण मारलेल्या म्हशीसारखा,
आता उठणार नाही, काय करायचं ते कर.

कॅरिअरवर लशीचा डबा. त्यात लाळ-खुरकुताच्या सहा बाटल्या
आणि पहाटे परतवाड्यात भरलेला बर्फ,
जो माझ्यासाठी थांबणार नव्हता.

एक्सलचा नट हलेना.
पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा करकरला.
ब्रेकचा रॉड, चेन, बुश,
निघालं त्या क्रमाने रुमालावर मांडत गेलो.
मागे एकदा बुश पाचोळ्यात गेला होता,
अंधार पडेपर्यंत मी साग झटकत होतो.

"टायरले मारू नोको, मनव त्याले,"
परतवाड्याच्या नाक्यावरचे शकूरभाई सांगायचे.
मनवलं.
कडेवर टाच देत गोल फिरलो,
खळ्यात बैल फिरतो तसा,
तिसऱ्या फेरीला फट्ट झालं, कड सुटली.
ट्यूब ओढली. टायरच्या आत हात घातला,
डोळे मिटले,
अडलेल्या गाईच्या पोटात वासराचा पाय चाचपतो
तसा चाचपत गेलो.
हिवराचा काटा. सापडला तो रक्त काढूनच.

भोक शोधायला पाणी हवं. नाल्यात नुसती वाळू.
मग डबा किलकिला केला,
वितळलेल्या बर्फाचं पाणी झाकणात ओतून घेतलं
आणि ट्यूबमध्ये हवा मारून ती त्यात फिरवली.
एक बुडबुडा. मागोमाग त्याची पिल्लं.
एप्रिलच्या दुपारी आख्ख्या मेळघाटात
हात गारठलेला मी एकटाच असेन.

घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली,
सोल्यूशन पुन्हा लावलं, जरा जास्तच.
ठिगळ बसलं.
टायर परत रिमात, शेवटची वीतभर कड सोडून.
ती जाईना.
बर्फ आठवला. लिवर खोल घातला
आणि हाताला कळलं, कान ऐकायच्या आधी.

पंप मारला. फुस्स.
दोन चिरा, शेजारी शेजारी,
नागाने डसावं तशा. नाग मीच.
सोल्यूशनची नळी तर केव्हाच पिळून सपाट.

"काय करून राह्यले जी?"
खांद्यावर कुऱ्हाड, मागे पंधरा-वीस शेळ्या.
बाबनू बेठेकर, त्याने नाव सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
टायरकडे त्याने पाहिलं
जसं मी ढोराकडे पाहतो, आधी पोट, मग पाय.
"हवा नाही तं गवत भरा.
बैलबी चाराच खाऊन चालते नं?"

हसलो. तो हसला नाही. गवत कापायला वाकला.

वाळलेलं, कुसळांचं, पेळ्या वळून वळून
तो कोंबायचा, मी काठीने ठासायचो,
वाटायचं भरला, अंगठा दाबला की पुन्हा जागा.
किती गवत मावतं एका चाकात
हे कुठल्या ट्रेनिंगात सांगत नाहीत.
एक शेळी तेवढ्यात माझा रुमाल चघळून गेली.
बुश वाचला.

फाटकी ट्यूब त्याने मागितली, गलोलीला.
म्हटलं, हिला ठिगळ लागेल अजून,
पुढच्या फेरीला जुनी आणतो.
"सगळे असंच म्हणते," तो म्हणाला
आणि शेळ्यांमागे गेला. राग नव्हता आवाजात,
तेच जास्त लागलं.

पहिल्या गिअरवर, टाकीवर पुढे सरकून बसून,
सलईढाण्यात पोचलो.
डब्यात बर्फ उरला होता, लिंबाएवढा.
चिंचेखाली गुरं बांधून लोक वाट पाहत होते.
सुई भरेपर्यंत एक तांबडी कालवड
दावं ताणून गाडीपाशी आली,
मागचं चाक हुंगलं,
रिमाच्या फटीतून डोकावणारी काडी
दातात धरली आणि ओढू लागली.
मी तिच्या मानेत टोचलं.
तिने ढुंकूनही पाहिलं नाही.