हजेरीचं लाकूड

तेवीस जणांपैकी आलो अकरा.
त्सित्सिनोने यादी आणली होती, पाठकोऱ्या कागदावर,
तिघांच्या नावापुढे नुसतीच रेघ.

तिबिलिसीत आता दिवे इतके
की नदीला झोप लागत नसेल.
'आमच्या वेळी' म्हणायचं नाही असं ठरलं होतं,
ते पहिल्याच पेल्यात सांडलं.

तर आमच्या वेळी, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात,
भूगर्भशास्त्राच्या वर्गात हजेरी म्हणजे एक लाकूड.
नाव पुकारलं की उठायचं, शेगडीपाशी ठेवायचं, बसायचं.
कुणी सफरचंदाच्या खोक्याची फळी आणी, कुणी खुर्चीचा पाय.
नुगझारने एकदा रस्त्यावरची पाटीच आणली,
'पुढे वळण आहे'
जळून जाईपर्यंत वाचता येत होतं.

वीज नव्हतीच. साडेपाचला काळोख.
चिचुआ सर म्हणत, बघू नका, चाचपा.
हातोहात फिरायचे दगड:
गारगोटी, अभ्रक, एकदा मिठाचा स्फटिक,
तो सरांकडे परतला तेव्हा कडाच नव्हत्या त्याला.
कुणी चाटला, आजवर कळलेलं नाही.
(ओतार खाली बघून हसतोय. ओतारच.)

वाझा मात्र रोज एकसारख्या पट्ट्या आणायचा,
वीतभर, गुळगुळीत, एका अंगाने चकाकणाऱ्या.
जळताना मेणाचा वास यायचा.
जानेवारी सरता सरता उमगलं,
तो घरातली जमीन आणतोय,
आजोबांनी बसवलेली,
पलंगाखालून सुरुवात करून.
कुणी चकार शब्द काढला नाही.
सरांनी फक्त त्याचं नाव पुकारणं सोडलं,
आल्या आल्या 'हजर' लिहून टाकायचे.
तरी तो आणतच राहिला.

आज बिल द्यायला वाझाने खिशात हात घातला
तर आम्ही दहाजण तुटून पडलो त्याच्या मनगटावर.
तो चिडला. खरंच चिडला.
म्हणाला, जमीन माझी होती,
आणि ऊब मीही घेतलीय.
पैसे त्यानेच दिले.

मग निघालो वर्ग बघायला.
पहारेकरी पोरगेलासा, त्याने कौतुकाने बटण दाबलं.
भक्क उजेड.
टकलं, चष्मे, रंगवलेले केस,
लग्नात भलत्याच मांडवात शिरल्यासारखे
एकमेकांकडे बघत उभे.
खातुना म्हणाली, मालव रे बाळा, जरा वेळ मालव.

डावीकडे कुणीतरी खोकलं.
'नुगझार!' चौघं एकदम ओरडलो,
'अजून सिगारेट सोडली नाहीस?'