सोपो

महिन्याच्या तीन तारखेला बिल येतं.
पीडीएफ उघडायच्या आधी चहा संपवायचा,
ही सवय ऑस्विनने लावली.

अर्धा रॅक. वीज वेगळी.
पोर्ट दोन. सेकंदाला इतक्या ऑर्डरींची मुभा,
वर लागल्या तर वरच्यांचे निराळे.
त्याखाली अठरा टक्के, आणि त्याच्याही खाली
मुंगीएवढ्या अक्षरांत : पुढील महिन्यापासून सुधारित दर.

म्हापशात टाइल्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं बसतो.
आमचं यंत्र बसलंय तिकडे मुंबईत,
बाजाराच्या पोटात, बर्फाळ काळोखात.
मी ते पाहिलेलं नाही.
मी फक्त त्याच्या बसण्याचे पैसे भरते.

बाबा पालिकेचा सोपो गोळा करायचे.
शुक्रवारी उजाडायच्या आत काथ्याचा दोर घेऊन निघत,
दर चार हातांवर एक गाठ.
हरमलची मिरची, मयड्याची केळी, मडकी, चोरिसांच्या माळा,
सगळ्यांना तीच गाठ,
आणि गाठीगणिक एक गुलाबी चिठ्ठी.
दारापाशी बसणारी आपोलिना चिठ्ठी पदरात खोचत म्हणायची,
'दोर सगळ्यांक सारको रे दत्ताराम,
पूण दार एकूच.'

ऑस्विन सांगतो, तिथे वायरी मोजून लावतात.
ज्याचा रॅक भिंतीला चिकटून
त्याची उरलेली वायर गुंडाळून ठेवतात,
म्हणजे कुणीच कुणापेक्षा वीतभर जवळ नको.
मला हसू आलं.
त्याला वाटलं, मला कळलं नाही.
त्याने पुन्हा सांगितलं.

लहानपणी देवळात पावणी व्हायची.
एक भोपळा, शहाळ्यांची पेंड, कुणाचातरी नवसाचा कोंबडा.
एक वार... दोन वार...
आणि पुकारणारा शेणवी मग तांब्यातलं पाणी प्यायचा,
उपरणं सारखं करायचा,
कुणाचा हात खिशाकडे जातोय ते बघायचा.
दोन वार आणि तीन वार यांच्यामध्ये
माणूस बायकोकडे बघून येऊ शकत असे.

तेवढ्या वेळात आमचं यंत्र
लाख वेळा बोलतं आणि लाख वेळा बोल मागे घेतं.
मागे घेतलेले फार झाले
की त्याचाही दंड.

तर दर वाढले.
सांजली स्क्रीनकडे बघत राहिली. कोड तिचा.
साईश म्हणाला, एक पोर्ट सोडू.
ऑस्विन म्हणाला, सोडू,
आणि खिडकीशी जाऊन उगाच
खालच्या टाइल्सचा टेम्पो रिकामा होताना बघत उभा राहिला.

एका वर्षी सोपोही वाढला होता.
आपोलिना दारापासून उठली
आणि सुक्या बांगड्यांच्या पलीकडे, भिंतीच्या वळणावर जाऊन बसली.
गिऱ्हाइकं तिला शोधत यायची.
पहिले काही शुक्रवार.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक खर्चाचं नाव लागतं.
मी 'सोपो' टाइप केलं.
सप्टेंबरात सीएचा फोन : हे काय, पालिकेचं?
म्हटलं, तसलंच.

रात्री बाबांना सगळं सांगितलं,
रॅक, पोर्ट, गुंडाळलेली वायर.
डोळे मिटून ऐकत होते. वाटलं, झोप लागली.
मग म्हणाले,
पावती देतात ना?