दोनशे अठ्ठ्याण्णव

एप्रिलचं वीजबिल आलं. दोनशे अठ्ठ्याण्णव युनिट.
मार्चला तीनशे एकसष्ट होती.
कन्नमवार नगरात, वरच्या मजल्यावर,
एप्रिलमध्ये पंखा बंद करतं का कोणी?
फ्रिज तर दिवसभर धापा टाकतो.
मग त्रेसष्ट युनिट गेली कुठे?

भाऊंचं यंत्र गुडघ्याएवढं, चाकांवरचं,
हवेतून प्राणवायू गाळून देणारं. तीनशे वॅट.
डॉक्टर म्हणाले होते, झोपेत तर हवंच.
मीटर घेणाऱ्या टेमकरांना मी विचारलं, आकडा चुकला का?
ते म्हणाले, ताई, कमी आलं म्हणून विचारणाऱ्या
तुम्ही पहिल्याच.

भाऊ रेशनिंग ऑफिसात होते, तीस वर्षं.
दुकानाबाहेरच्या काळ्या फळीवर खडूने लिहिलेले
साखर, पामतेल, रॉकेलचे भाव
त्यांनी डोळ्यांत तेल घालून राखले.
लिटरमागे पाच पैसे जादा घेतले म्हणून
एका दुकानदाराला सबंध रांगेचे
पैसे परत करायला लावले होते.
रॉकेल त्या दिवशी अर्ध्या रांगेलाच पुरलं,
ते मात्र आई सांगायची.

तर मागे पेपरात आलं, आयोगाने विजेचे दर बांधून दिले,
त्याच्यावर कंपनीला एक पैसा घेता येणार नाही.
भाऊंनी बातमीभोवती पेन्सिलीने चौकट काढली.
मी म्हटलं, दर बांधलाय भाऊ, बिल नाही बांधलेलं.
म्हणजे?
म्हणजे भाव एका युनिटचा. युनिटं किती, ते आपलं आपण.
शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा,
तिथून वर गेलेल्याला तिसरा.
शिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधनाचा आकार.
ते यंत्राकडे बघत राहिले.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

टेमकर गेल्यावर आठवड्याने गॅसचं बिल आलं.
ते दोन महिन्यांचं येतं.
एक युनिट जास्त.
एवढ्यासाठी कोण बिल दुसऱ्यांदा वाचतं?
मी वाचलं.

त्या रात्री जागी राहिले.
सव्वातीनला घरघर थांबली.
अंधारात नळी नाकातून काढून उशीवर ठेवली त्यांनी,
चष्मा काढून ठेवावा तशी.
भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले.
लायटरची एक ठिणगी, दुसरी,
मग निळं फूल.

नळी असताना शेगडीजवळ जायचं नाही,
हे मीच चिकटपट्टीने भिंतीवर लावलं होतं.
दोन वर्षांत त्यांनी स्वतःचा चहा केला नव्हता.

पातेल्यासमोर उभे होते, ओठ निळसर,
आलं किसत.
मी काही बोलायच्या आधी म्हणाले,
पैशांसाठी नाही गं.
थोड्या वेळाने म्हणाले, पैशांसाठीपण.
चहा झाल्यावर चालू का नाही केलंत?
मग म्हटलं, बंदच आहे तर राहू दे सकाळपर्यंत,
तीनशेच्या आत बसतोय का बघू.
आणि बसलो ना!
श्वास पुरेना, तरी हसले.
मला त्यांची फळी दिसली, खडू दिसला,
अर्धी रांग रिकाम्या डब्यांनी परत फिरताना दिसली,
आणि त्या अर्ध्या रांगेत
आता ते.

मी शेगडी बंद केली. नळी लावली.
बटण दाबलं, तशी घरघर घरात परत आली.
चहा गाळून पलंगापाशी नेला.
बशीत ओतून प्यायले. साखर जास्त होती.

मेमध्ये तीनशे सत्त्याहत्तर.
भाऊंनी बिल गुडघ्यावर धरून पेन्सिलीने सोडवलं,
वरच्या सत्त्याहत्तरला वरचा दर, हातचा धरून,
माझ्याआधी आणि बिनचूक.
मग पेन्सिल तशीच धरून विचारलं,
यातली माझी किती?

मी म्हटलं, हा पंखा जुना झालाय भाऊ,
फार वीज खातो.