थंडी कुठून शिरली

ज्यामुसी. नदी गोठून पस्तिसावा दिवस.
तोंग शौयी बाकावर बसतो, मनगट पुढे करतो.
चाळीस हिवाळे त्यानं सोंगहुआचा बर्फ कापला
आणि आता गुडघे दुमडायचे म्हटले
की आतून करवत ऐकू येते म्हणतो.

च्यू बाई तीन बोटं टेकवतात.
मी मागे उभी, वही घेऊन.
"लिही. नाडी खोल, मंद,
पिळलेल्या दोरासारखी घट्ट."
मग माझ्याकडे न बघता:
"थंडी म्हणजे खोड गं, दुसरं काही नाही.
आकसायचं, धरून ठेवायचं, हलू द्यायचं नाही.
नदीचं तेच झालंय."

मानेच्या खाली वाऱ्याचं दार असतं,
तळपायात उसळता झरा.
लोक या दोन्ही जागा उघड्या टाकतात
आणि टोपीला महागाची फर लावतात.

"कुठून शिरली?"
"पायांतून असेल."
"कधी?"
तो खिडकीकडे बघतो.
काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी.

ओल्या आल्याची चकती, सुईनं टोचलेली,
तिच्यावर नागदवण्याच्या कापसाची चिमूट
(तीन वर्षं मुरलेला; ताजा नुसताच भाजतो),
मग उदबत्तीचं टोक.
धूर कडवट, अंगरख्यात दोन दिवस राहणारा.

पहिली चकती. काही नाही.
दुसरी. काही नाही.
पाचवीला तो बोलला:
"बुटांचा एकच जोड होता, उला गवत भरलेला.
आम्ही दोघं भाऊ, दिवसाआड घालायचो.
त्या दिवशी पाळी त्याची होती."

राख पडायच्या आत बाईंनी चकती बदलली.

"तीन बोटं गेली त्याची.
माझे पाय तर गरम होते, बाई.
मग मला कशी शिरली?"

मी पेन उचललं.
बाईंनी वहीवर हात ठेवला.
त्यांचा हात बर्फासारखा गार होता,
हे मला इतक्या महिन्यांत ठाऊकच नव्हतं.

"रात्री घोट्यापर्यंत कढत पाणी,
आलं, मूठभर तिरफळं.
घाम कपाळावर येईपर्यंत, पुढे नाही.
भावालाही सांग."
"तो मुदानज्यांगला असतो. फोन उचलत नाही."

बाईंनी दोन पुड्या बांधल्या.
पैसे एकीचे घेतले.

उठताना गुडघा वाजलाच.
दारात थांबून त्यानं मफलर सोडला,
पुन्हा गुंडाळला,
या वेळी मानेवरून,
आणि एक पुडी आतल्या खिशात ठेवली,
दुसरी हातातच राहू दिली.