येण्याचं कारण

पहाटे पावणेपाचला रत्नागिरीच्या स्टँडवर
कंडक्टरने हलवून उठवलं,
आणि मागच्या सीटवरची बाई म्हणाली,
"दादा, तिची बॅग वर राहिलीय हो."

माझ्या भाषेत दादा म्हणजे बहीण.
काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई.
पुण्यात दोन वर्षं झाली, तरी अजून
कुणी रिक्षावाल्याला "ओ मामा" म्हटलं
की मी वळून बघते.
बाबा तेवढे दोन्हीकडे बाबाच.

पहिल्या लॉजवर खोली नव्हती.
दुसऱ्यावर होती, मला बघेपर्यंत.
तिसऱ्यावर, मांडवीच्या वाटेला,
शिरधनकर बनियनवरच बसले होते.
पासपोर्ट त्यांनी लांब धरून वाचला, मग जवळ.
"परदेशी माणसाचा सी-फॉर्म भरावा लागतो.
मी आजवर भरलेला नाही."
"आपण मिळून भरू," मी म्हटलं.
माझ्या रंगाला नाही, मराठीला दचकले.

नाव: म्वानाइदी.
त्यांनी लिहिलं, मनाई.
थांबले, स्वतःशीच हसले, पुढे दी जोडलं.
गाव: टांगा.
"घोड्याचा?"
"समुद्राचा."
भारतात येण्याचं कारण: शिक्षण. संख्याशास्त्र.
रत्नागिरीला येण्याचं कारण:

इथे पेन अडलं.
मंगळवारी मेसमध्ये भातावर ओलं खोबरं आलं
आणि मला जेवता आलं नाही,
एवढं सगळं त्या रकान्यात मावेना.
"समुद्र," मी म्हटलं.
"पर्यटन लिहितो," शिरधनकर म्हणाले.
"समुद्र हे कारण होत नाही."

मिरकरवाड्याला लिलाव चालला होता.
पायाखाली बर्फ, खवले, बांगड्याचं निळं पाणी.
टोपलीवाली म्हणाली, "कुठनं आलंस गो?"
मी हात केला, त्या तिथून.
तिने डोळ्यांवर पदर धरून तिकडे पाहिलं,
होडी अजून दिसत असावी तसं.

बंदर. आम्ही म्हणतो बंदारी.
साबण, साबुनी. पपई, पपाई.
दुकान मात्र दुका,
शेवटचा न वाटेत कुठेतरी
पाण्यात पडला असणार.

टांग्याला सूर्य समुद्रातून वर येतो.
ओला असतो, असं लहानपणी वाटायचं.
समुद्र त्याला परत घेतो
हे ऐकून होते, पाहिलं नव्हतं.
जेटीवर लोक भेळ खात होते.
तो गेला तसे उठले, कपडे झटकले,
एक मूल चप्पल शोधत राहिलं.
मी अडीच तास वजा केले:
तिकडे साडेतीन. इथे बुडालेला
आईच्या छपरावर अजून कडक आहे.

लॉजवर परतले तर काउंटरच्या मागून
तो आवाज. करकर, करकर.
दाराशी नुसती उभी राहिले.
शिरधनकर वहिनी म्हणाल्या, "बस की."
"आमच्याकडे याला बकरी म्हणतात."
"का गं?"
"माहीत नाही."
"आमची मोरळी. मोर तरी कुठेय हिच्यात!"
अर्धी कवड माझ्या हातात दिली.
मी फार खोल खोवलं.
"काळं येऊ देऊ नकोस," त्या म्हणाल्या
आणि जीभ चावली,
माझ्या मनगटाकडे बघून.
मी म्हटलं, आईसुद्धा असंच ओरडते.
मग दोघी हसलो, जरा जास्तच वेळ.

रविवारी निघताना शिरधनकरांनी फॉर्म परत काढला.
एक रकाना राहिला होता:
इथून पुढे कुठे जाणार.
पुणे, मी सांगितलं.
ते अक्षर अक्षर कोरत होते
आणि आतून त्यांच्या भाच्याने हाक मारली,
"मामा!"

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं.